चोशूचे व्याही

दीडशे वर्षांपूर्वी संपलेलं युद्ध एकट्याच्या बळावर अजून चालू ठेवणारा माणूस अख्ख्या जपानात एकच आहे, आणि ते माझे थोरले साडू आहेत. जन्म कोथरूडचा, नोकरी सॉफ्टवेअरची, पंचवीस वर्षं मुक्काम सेंदाईत. इतिहासाशी संबंध म्हणाल तर शाळेत पस्तीस मार्क. पण सम्राटाच्या बाजूचे आणि शोगुनच्या, म्हणजे सरसेनापतीच्या, बाजूचे यांच्यात जी यादवी झाली, तिच्यात उत्तरेचे आइझूवाले आणि सेंदाईवाले हरले, हे कळल्यापासून या गृहस्थांनी तो पराभव अंगाला लावून घेतला. दक्षिणेकडून चालून आलेले सात्सुमा आणि चोशू ही सम्राटाच्या बाजूची संस्थानं यांची वैरी. चोशू म्हणजे आताचं यामागुची. ऑफिसात एक यामागुची-सान नवे आले, तेव्हा साडूंनी सहा महिने त्यांच्याबरोबर चहाला जायचं टाळलं. पुढे कळलं, ते आडनाव होतं. माणूस होक्काइदोचा! 'मग आधी सांगायचं ना त्याने,' हे यावर साडूंचं म्हणणं.

त्यांच्याकडे जेवायला जाणं म्हणजे मोहिमेवर जाणं. वरणाचं पातेलं क्योतो, लोणच्याची बरणी बोनारीची खिंड आणि पोळ्यांचा डबा आइझूचा किल्ला. आता किल्ला महिनाभर लढला असल्यामुळे तो पडेपर्यंत आपल्याला पोळी मिळत नाही. तोबा-फुशिमीला हरल्यावर शोगुन आपलं सैन्य टाकून बोटीने पळाला, हे सांगताना त्यांचा आवाज असा चढतो, जणू बोटीचं तिकीट यांच्याच कार्डावर काढलं होतं. माझी आई कावासाकीला आमच्याकडे आली होती, तेव्हा हे मुद्दाम टोकियोला येऊन तिला उएनोला घेऊन गेले. ती बिचारी तिथल्या प्राणिसंग्रहालयात पांडा बघायच्या आशेने निघालेली. दोन तास उन्हात तळ्याकाठी उभं करून त्या युद्धात तोफा कुठून डागल्या ते दाखवलं. 'अहो, त्या तोफा थांबल्या असतील तर बसू का?' असं शेवटी तिने विचारलं.

अशा माणसाच्या एकुलत्या एका लेकीने नवरा कुठला शोधावा? यामागुचीचा! अस्सल, पिढीजात. लग्नानंतर तिकडेच राहायचं, हेही ठरलेलं. मुलगा जपानी आहे, पत्रिका नाही, मासे खातो, यातलं एकही साडूंना खटकलं नाही. एरवी एवढा उदार बाप शोधून सापडायचा नाही. 'पण चोशूचा?' एवढंच म्हणून ते खोलीत जाऊन बसले. भाचीला मात्र लग्न आपल्या पद्धतीनं, सेंदाईत, बाबांच्याच हातून हवं होतं. इथेच वाढलेली पोर, बाप मराठीत बोलला की ही जपानीत उत्तर देणार. मला तिने फोन केला तो मात्र मोडक्या मराठीत. 'काका, बाबा दारात उभे राहिले नाही तर मी सरकारी ऑफिसात लग्नाचे कागद भरून टाकणार. पण मला मग रडू येणार.' दोन आठवडे असेच गेले. शेवटी मेव्हणीनेच, म्हणजे त्यांच्या बायकोने, तोंड उघडलं. 'लेक पाठवायची की किल्ला सांभाळायचा, ते एकदाचं ठरवा.'

ठरलं. हॉलच्या दारात सीमांतपूजनाला ताम्हण आणि तांब्या घेऊन साडू उभे राहिले. चेहरा असा, जणू शरणागतीच्या कागदावर सही करायचीय. व्याही म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेला एक साधा, गोल चेहऱ्याचा माणूस. 'हा कसला विधी?' त्याने वाकून विचारलं. 'सीमेवरचा,' साडू जपानीत म्हणाले, 'बाहेरून येणाऱ्यांचा.' 'मग आम्हाला आत सोडाल ना?' व्याही हसत म्हणाला. साडूंना राहवलं नाही. तुमच्या लोकांनी आइझूचं काय केलं, ठाऊक आहे का, असं त्यांनी चक्क विचारलं. व्याही बराच वेळ आठवत राहिला आणि ओशाळून म्हणाला, 'शाळेत होतं वाटतं. माफ करा, मी इतिहासात फार कच्चा.'

पंचवीस वर्षं ज्याच्याशी हे लढले, त्या शत्रूला युद्धाचा पत्ताच नाही! माझं हसू ओठावर आलं होतं, पण साडूंकडे पाहिलं आणि ते गिळलं. ते खाली बसले होते आणि जावयाचे पाय धूत होते. सावकाश, दोन्ही पाय. तांब्यातलं पाणी संपलं तरी हात तसेच. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की यांची भीती चोशूची कधीच नव्हती. यामागुची सेंदाईहून फार लांब आहे, एवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे स्टेशनवर गेलो. शिनकान्सेन बुलेट ट्रेनच्या दारात भाची वळली आणि सवयीने म्हणाली, 'इत्तेकिमास.' घरातून निघताना इथे सगळेच म्हणतात ते. जाऊन येते. शाळेला जाताना ती रोज म्हणायची, आणि साडू लॅपटॉपमधून मान वर न करता ठरलेलं उत्तर द्यायचे. आज ते तिच्याकडे बघत राहिले. उत्तर द्यायच्या आत दार लागलं.

गाडी गेली. प्लॅटफॉर्मवर बाकीच्यांनी जिन्याची वाट धरली, तरी साडू तिथेच. मी जवळ गेलो.

'साडूभाऊ,' ते हळूच म्हणाले, 'येते म्हणाली ना हो ती? तुम्हीही ऐकलंत ना?'