खुर्चीचा साचा

वहिनीच्या वडिलांचं मिरजेत केस कापायचं दुकान होतं. ते गेल्यावर दुकान बंद झालं आणि त्यांची ती जड, फिरती खुर्चीही कुणीतरी घेऊन गेलं. वहिनीने ती आठवणीतून पुन्हा केली, पुठ्ठा, तार आणि रेक्झिनच्या तुकड्यांची, काडेपेटीत मावेल एवढी. बसायच्या जागेवरचं ठिगळसुद्धा तिने शिवलं होतं. तिच्या धाकट्या बहिणीने या छोट्या खुर्चीचा फोटो पाहिला आणि म्हणाली, "ताई, मलाही हवी."

पण तशी दुसरी काही जमेना. मग वहिनीने खुर्चीवर पातळ रबर ओतून साचा केला. काल तो चिरून खुर्ची बाहेर काढताना खुर्चीचा एक हात तुटला.

"अगं वहिनी, तुटली की गं!" मी ओरडलेच.

तिने साचा खिडकीशी धरला. "आत बघ."

आत नुसती पोकळी होती. पण तिच्यात ठिगळाचा टाका न् टाका उमटला होता आणि खुर्चीचे दोन्ही हात शाबूत होते. मी बघतच राहिले. माणूस गेलं की जागा रिकामी झाली, असं आपण सहज म्हणतो. रिकामी जागा इतकं बारीकसारीक जपून ठेवते, हे मला ठाऊकच नव्हतं.

वहिनीने त्यात रेझीन ओतलं, ते रात्रभरात घट्ट होतं. आज सकाळी अख्खी खुर्ची बाहेर आली. संध्याकाळी बहीण आली, तिने ती तळहातावर घेतली. केस कापून घेताना झुकवतात तशी तिची मान आपोआप खाली झुकली.