‘दे’ की ‘द्या’

‘ही पोरं बोलतच नाहीत हो,’ असं आमचे मुख्याध्यापक म्हणाले की माझं डोकं फिरायचं. बोलत नाहीत? पाड्यावर जाऊन बघा जरा, कान किटतील. शाळेच्या दारात आली की त्यांची दातखीळ बसते आणि ती का बसते, ते मला चांगलं ठाऊक होतं.

शाळा तलासरी तालुक्यातली, दोनशिक्षकी. एक मी आणि एक सर, तेच मुख्याध्यापक. मी डहाणूला राहते. चारोटीला गाडी बदला, तलासरीला बदला, पुढे इको गाडीत कोंबून घ्या, शाळेत पोचेपर्यंत अर्धा जीव गेलेला असतो. त्यात तालुक्याच्या मीटिंगा. तिथे ‘मुलांना बोलतं करा’ म्हणून आम्हाला दिवसभर गप्प बसवून ठेवतात. मी तिकडे गेले की इकडे सगळे वर्ग सरांच्या गळ्यात.

इथल्या पोरांच्या बोलीत ‘तुम्ही’ नाही. आई तू, आजा तू, सरपंच तू, देवही तूच. घरी गेलं की ‘बाई, तू चहा पी’ म्हणतात. त्यात अपमान औषधालाही नसतो. पण सर पडले घाटावरचे. कुणी ‘सर, तू’ म्हटलं की अंगावर पाल पडल्यासारखे दचकायचे. ‘मी काय तुझ्याबरोबर गोट्या खेळतो?’ म्हणायचे, आणि वर्ग फिदीफिदी हसायचा. सर वाईट नव्हते. पण हसं झालेलं पोर पुन्हा तोंड उघडत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

दुसरीतली एक मुलगी होती. संध्याकाळी दारुडे शाळेत घुसून घाण करायचे, म्हणून संडासाला कुलूप असायचं आणि चावी सरांच्या खणात. मुलगे कुंपणामागे जायचे, पण मुलींनी कुठे जायचं? एकदा ती ‘सर, चावी दे’ म्हणाली आणि तिचं हसं झालं. तेव्हापासून ती चावी माझ्याकडेच मागायची आणि मी नसले की लघवी दाबून ठेवायची. पुढे पुढे तर मी असो नसो, शाळेत तिने पाण्याला तोंडच लावलं नाही. मला यातलं काही माहीत नव्हतं.

एक दिवस ती आलीच नाही, म्हणून मी घरी गेले. पोर तापाने फणफणलेली. पाणी पीत नाही, लघवी तुंबवते, म्हणून आजार झाला, असं डॉक्टरने सांगितलं होतं. आई वाडीत चिकू काढायला जाते, त्या दिवशी मजुरी बुडवून बसली होती. म्हणाली, ‘बाई, तूच सांग, शाळेत जाऊन पोर आजारी पडते, तर कशाला धाडू?’

‘अगं, चावी मागायची ना,’ मी पोरीला म्हटलं.

‘दे का द्या, ते याद नाय येत,’ ती म्हणाली.

मला रडूच आलं. आणि संताप. एका क्रियापदापायी पोरीने पाणी सोडावं?

परत ताप आला तर शाळा बंद, असं बजावून आईने तिला पुन्हा धाडली. मी दुसरी चावी करून स्वतःजवळ ठेवू शकले असते. पण माझी बदली ठरलेली होती, माझ्यामागे तिला स्वतःच मागायचं होतं. मग मी खुर्चीत सर होऊन बसायचे आणि ती ‘सर, चावी द्या’ म्हणायची. माझ्यासमोर अगदी बिनचूक.

एका दुपारी, खिचडी खाऊन झाल्यावर, तिने करंगळी वर केली. मी ऑफिसकडे बोट दाखवलं आणि तिच्यामागे जाऊन उभी राहिले. सर मोबाईलवर कसलीशी ऑनलाइन माहिती भरत होते. ती पायाला पाय घासत थांबली आणि मग एका दमात म्हणाली, ‘सर, चावी दे! माना जोरात लागली.’

सरांनी मान वर केली. ‘काय म्हणालीस? पुन्हा नीट बोल.’

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. चेहरा उतरलेला. आता ही निघून जाणार आणि उद्यापासून येणारच नाही, हे मला दिसत होतं.

‘सर, दे ना रे तिला!’

आवाज माझाच होता. इतकी वर्षं ‘अहो सर, अहो सर’ करण्यात गेली आणि भर ऑफिसात हे. सरांचा हात आपोआप खणाकडे गेला. पोरीने चावी हिसकावली आणि धूम ठोकली.

‘बाई, तुम्हीसुद्धा?’ सर म्हणाले.

‘मीसुद्धा,’ मी म्हटलं. माफी मागायचं त्राण नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मनही नव्हतं.

ती परत आली. चावी टेबलावर ठेवली, सरांकडे बघितलंही नाही, सरळ ओसरीवरच्या माठाशी गेली आणि पेला भरून गटागटा पाणी प्यायली.