मातीच्या भिंतीला सिमेंट

घरमालक मक्केला उमरा यात्रेला गेले असताना त्यांच्या मातीच्या घराला मी परस्पर सिमेंटचा गिलावा केला. आमच्या कोकणात चिऱ्याच्या भिंतीला गिलावा झाला की घर सुधारलं म्हणतात. म्हातारा खूश होईल, असा माझा हिशेब.

हे घर अल खर्जच्याही दक्षिणेला, एका लहानशा गावात. मी तिथल्या दवाखान्यात एक्स-रे काढतो. गाव मला डॉक्टर म्हणतं आणि मी दुरुस्त करत नाही. रियाधच्या फ्लॅटमध्ये बायको कोमेजली होती. इथे अंगण मिळालं, खजुराची सावली मिळाली आणि तिचं "गावाला कधी जायचं?" बंद झालं.

हिवाळ्यात पाऊस झाला. आत कोंडलेल्या ओलीने सिमेंट फुगलं आणि मातीचा मोठा लगदा घेऊन खाली आलं. बायकोने माळ्यावरच्या बॅगा उतरवल्या.

मालक आले. भगदाडात हात घालून बराच वेळ चाचपत राहिले. मग म्हणाले, "डॉक्टर, हाड मोडलं नव्हतं, प्लास्टर कशाला?"

मी मान खाली घातली. त्यांनी मला जवळ ओढून भिंतीतले थर दाखवले. माझं अरबी तोकडं. निम्मं हातवाऱ्यांवरून कळलं. सगळ्यात आतला आजोबांचा. मधला तांबूस, त्यांची आई नवरी होऊन आली तेव्हाचा. वरच्या थरात त्यांनी स्वतः लहानपणी पायांनी तुडवलेलं काड अजून दिसत होतं.

शुक्रवारी नमाजानंतर ते मुलांना आणि गाडीभर माती घेऊन हजर. चिखल तुडवताना मी दोनदा आडवा झालो. सगळ्यांची छान करमणूक झाली. आतल्या बाजूला मालकीणबाई लिंपत होत्या. बायकोने बाह्या सारल्या आणि माहेरी अंगण सारवायची तसा हात फिरवला. मालकीणबाईंनी तिच्या मनगटाला धरून आपल्या सुनांना तो हात दाखवला.

ते निघाले तेव्हा मी धीर करून विचारलं, "घर कधी रिकामं करू?"

"रिकामं?" मालक म्हणाले. "दरवर्षी लिंपावं लागतं याला. तुम्ही गेलात तर लिंपणार कोण? यल्ला, चला, चहा सांगा."

बॅगा पुन्हा माळ्यावर गेल्या. नखांतली माती काढत बायको म्हणाली, "बरं झालं भिंत पाडलीत. नाहीतर आपण इथे नुसते भाडेकरूच राहिलो असतो. पण अहो, स्वयंपाकघराच्या भिंतीकडे असं प्रेमाने बघू नका."