कानसेन आणि ओव्हनचं दार

दुरुस्तीच्या धंद्यात चाळीस वर्षं काढलेल्या या गृहस्थांना सगळे कानसेन म्हणत, आणि ते काही उगाच नव्हे. मिक्सर असो की वॉशिंग मशीन, आधी कान लावायचा, मग पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढायचा, ही त्यांची रीत. "यंत्र बोलतं हो," ते म्हणायचे, "आणि माणसांसारखं थापा मारत नाही." नुसत्या घरघरीवरून कुठला पट्टा सैल झालाय ते सांगून मोकळे व्हायचे.

आता दैवाची थट्टा बघा! नाव कानसेन, आणि गेल्या दोन वर्षांत त्यांच्या कानांनीच हळूहळू हात वर केले. बायको रोज मागे लागायची, "अहो, कानाचं मशीन घ्या." तर हे म्हणायचे, "लोक हसतील ना! कानसेन बहिरा झाला म्हणून." दुकानात त्यांनी ताकास तूर लागू दिली नव्हती. निदान त्यांना तरी तसं वाटत होतं.

अशात गळ्यात पडला बाईंचा ओव्हन. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, एकट्या राहणाऱ्या, आणि स्वच्छतेच्या इतक्या कडक की माशीनंसुद्धा पाय पुसून आत यावं. त्यांच्याकडे वर चार बर्नर आणि खाली ओव्हन असं भलंमोठं धूड होतं. ओव्हनच्या दाराला आतून मोटरवर चालणारी कडी. ती कडी हवी तेव्हा आपली आपण लागायची, आणि मग दार उघडायचं नाव नको! पहिल्या खेपेला कानसेनांनी मेन स्विच पाच मिनिटं बंद ठेवला, पुन्हा लावला, दार उघडलं. दुसऱ्या खेपेला मोटरच बदलली. आठवडा उलटायच्या आत बाईंचा फोन पुन्हा हजर.

दुकानाचे मालक भडकले. "एका दारासाठी तिसरी फेरी? आज ते सुटलं नाही, तर उद्यापासून दुकानात बसून सुटे भाग पुसा. बाहेरची कामं बंद!" लोकांच्या घरी जाणं, यंत्र उघडणं, चार शब्द बोलणं, हेच तर कानसेनांचं जगणं होतं.

"या!" बाई दारातच म्हणाल्या. "बिस्किटं सकाळपासून तुरुंगात आहेत, आणि चार वाजता माझी बहीण येतेय."

कानसेनांनी मेन स्विच बंद करून लावला. दार उघडलं, बिस्किटं सुटली. मग त्यांनी वरचं झाकण काढून एकेक तार तपासली, कडी हातानं पुढेमागे केली. सगळं कसं लोण्यासारखं चालत होतं. झाकण बसवलं, दार लावलं, आणि सामान पिशवीत भरायला मिनिटभर पाठ फिरवली. वळून दार ओढतात तो कडी पुन्हा लागलेली!

कानसेनांनी तिथेच फरशीवर बसकण मारली. बाई ओलं फडकं हातात घेऊन बघत राहिल्या.

"बाई, आता खरंच सांगतो," ते म्हणाले. "मला पूर्वीसारखं ऐकू येत नाही हो. कडी लागताना ही मोटर कधी वाजते, ते मला कळतच नाही. तीन खेपा झाल्या, नुसता चाचपडतोय." बोलून टाकलं आणि त्यांना इतकं ओशाळल्यासारखं झालं की मान वर करवेना.

"मोटर म्हणजे ती घूंऽऽ करते ती?" बाई म्हणाल्या. "अहो, आत्ताच वाजली की!"

"आत्ता? कधी?"

"मी पुसत होते तेव्हा. रोजच वाजते. मला वाटायचं, पुसलं की यंत्रालाही बरं वाटत असेल."

"पुसत काय होतात?"

"तुमच्या बोटांचे ठसे. आणि हा मेला काळा डाग. महिना झाला घासतेय, निघेल तर शपथ!"

कानसेन उठून जवळ गेले. बटणांच्या पट्टीवरचा तो डाग कसला, कुलपाचं चित्र होतं ते! तीन सेकंद दाबून धरलं की कडी लागायची, पुन्हा तीन सेकंद दाबलं की निघायची. बाईंसारखी शिस्तीची बाई ते बटण उगाच दाबेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं, म्हणून विचारलंही नव्हतं. त्यांनी बोट टेकवलं, मनात तीन मोजले आणि दार ओढलं. उघडलं!

"बाई, तुमचा चष्मा कुठाय?"

"कपाटात. मला काही लागत नाही तो," बाई ताठ मानेनं म्हणाल्या, आणि मग स्वतःच खुदकन हसल्या. दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

मग कानसेनांनी मालकांना फोन लावला. आवाज पूर्ण मोठा, स्पीकर चालू, नेहमीसारखाच. "मालक, दार सुटलं. पण चूक माझी आहे. पहिल्याच दिवशी बाईंना आवाजाचं विचारलं असतं तर भागलं असतं. मला नीट ऐकू येत नाही, ते सांगायची लाज वाटली."

"अहो, ते अख्ख्या गल्लीला माहीत आहे!" मालक ओरडले. "तुमचा फोन समोरचा न्हावीसुद्धा ऐकतो. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून मी चिडलो नव्हतो, तुम्ही कुणाला विचारत नाही म्हणून चिडलो होतो. उद्या नऊला दोन कामं आहेत. वेळेवर या!"

कानसेनांनी फोन खिशात ठेवला.

"बाई," त्यांनी विचारलं, "मालक किती वाजता म्हणाले हो?"

"नऊ," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी बिस्किटांची ताटली पुढे केली.