पाच वर्षं दोन महिने

काट्याचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. गोदामातले हमाल त्याला काट्या म्हणत, कारण पोतं पाठीवर पडलं की तो वजन सांगायचा. चूक फार तर किलोभर. "काट्या, माझ्या अकलेचं वजन सांग," असं कुणी डिवचलं, तर म्हणायचा, "पाठीवर काही पडू दे तर खरं!"

दोन ट्रक उतरले की बाकीचे घरी जात. काट्या तिसरा घेई. वाट्याला पन्नास पोती, पोतं पन्नास किलोचं, दर खेपेला फळीवरून पंचवीस पावलं. लेकीला दमा होता. डॉक्टर म्हणाले होते, घरातली ओल जायला हवी. मातीच्या जमिनीवर लाद्या घालायच्या, म्हणून तो तिसरा ट्रक. दीड वर्ष त्याने एक दिवस चुकवला नाही. लेक नवव्या वर्षी गेली.

पुढे काही वर्षांनी एका दुपारी पाहणीवाली मुलगी आली. जगभरची माणसं कशी जगतात ते मोजतायत, म्हणाली, त्यात तुमचंही घर आलंय.

"वीज?"

"आहे."

"नळ?"

"गल्लीच्या तोंडाशी."

"जमीन?"

"बसलायत की तिच्यावर, ताई."

तिने लिहिलं, माती.

"घरातलं एखादं मूल दगावलंय का?"

"लेक." काट्या पुढे सरकून बसला. तिच्याबद्दल कुणी विचारलं त्याला जमाना झाला होता.

"कधी?"

"पाच वर्षं दोन महिने झाले."

पेन थांबलं. "काका, गेल्या पाच वर्षांतलंच धरतात हो."

"मग दोन महिने आधी यायला काय झालं होतं?" बायको चुलीपाशी बसूनच म्हणाली.

"लिहा ना, ताई. दोन महिन्यांनी असं काय बिघडतंय?" काट्या म्हणाला. उभ्या आयुष्यात त्याने कुणाकडे मापात सूट मागितली नव्हती.

मुलीने मान खाली घातली आणि रकान्यात 'नाही' लिहिलं. निघताना चपला घालता घालता तिने हळूच विचारलं, "काका, हे फॉर्ममध्ये नाही, पण लाद्या का नाही घातल्या?"

"जमले होते पैसे," काट्या म्हणाला. "एकोणीस दिवस तिला ऑक्सिजन लागला. उरले त्यात तिला घरी आणायला गाडी केली."