उजेडात धरलेलं जाळं

कोणतीही वस्तू हातात आली की काका ती आधी उजेडासमोर धरत. रुमाल, छत्री, बाजाराची पिशवी, एकदा तर निवृत्तीच्या समारंभात मला मिळालेली शाल. दोन्ही हातांनी ताणायची, एक डोळा बारीक करायचा आणि मग निकाल द्यायचा, "भोक हाय." शालीला खरोखरच भोक होतं. पाच वर्षं मी ती मिरवत होतो आणि घरात कुणालाच पत्ता नव्हता.

सगळ्यात आधी उणं बघणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना टाळतो. काकांचं मात्र तसं नव्हतं. भोक दिसलं की त्यांचा चेहरा खुलायचा, कारण आता काहीतरी करता येणार असायचं. ज्या जाळ्यात काहीच फाटलेलं नाही ते जाळं त्यांना कंटाळवाणं वाटे. "ह्याच्यात माजा काय काम?" असं म्हणून ते बाजूला टाकत.

चौक गावात समुद्राकडे उतरणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी एक जुनं कौलारू घर आहे. त्याच्या लांबलचक ओट्यावर काका जाळी सांधत. आधी त्यांचे वडील तिथेच बसत. घर त्यांचं नव्हतं. ज्यांचं होतं त्यांच्या होड्यांची जाळी बापलेकांनी सांधली होती. पुढे होड्या गेल्या, घरातली माणसं पांगली, दाराला कुलूप लागलं. काका ओट्यावर तसेच राहिले. त्यांची स्वतःची खोली मागच्या गल्लीत होती, पण तिथे डोल जाळं, म्हणजे लांबलचक पिशवीसारखं मोठं जाळं, पसरायला जागा कुठली? शिवाय होडीवरून येणारा प्रत्येक जण ओट्यावरूनच जायचा आणि फाटलेलं जाळं त्यांच्या पुढ्यात टाकून जायचा. पाय लांब सोडायचे, जाळ्याची कड पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणायची आणि सुई चालू. तो अंगठा इतकी वर्षं ओढला गेल्यामुळे इतर बोटांपासून फटकून वेगळाच उभा असे.

मी भाईंदर पूर्वेला राहणारा, चित्रकलेचा निवृत्त शिक्षक. रविवारी पूल ओलांडून पश्चिमेला जायचं, बस धरायची आणि चौकला होड्यांची चित्रं काढत बसायचं, हा माझा परिपाठ. एकदा मी होडीवर वाळत घातलेलं जाळं रंगवलं होतं. काकांनी चित्र मागितलं, उजेडासमोर धरलं आणि म्हणाले, "मास्तर, ह्या जाल्यात एक पन मासा न्हाय रवायचा. गाठी कुठं हायत?" पस्तीस वर्षं मुलांना चित्रकला शिकवलेला माणूस मी. चांगलंच झोंबलं. पण पुढचे चार रविवार मी त्यांच्याशेजारी बसून गाठी शिकलो. पाचव्या रविवारी त्यांनी माझी गाठ नखाने ओढून पाहिली. ती सुटली. "चित्राला चालंल," असं म्हणून त्यांनी मला उदार मनाने पास केलं.

आमच्या कलाकेंद्राची कल्पना माझीच. भाईंदर आणि मीरा रोडचे आम्ही सात-आठ जण, बहुतेक निवृत्त, कलेची आवड असलेले, हातात वेळ असलेले. मुंबईत सगळं आहे, आपल्याकडे काहीच नाही, ही आमची नेहमीची तक्रार. बंद घराचा मालक मस्कतला नोकरीला होता. मी त्याला फोन केला. पडून राहण्यापेक्षा लोकांच्या उपयोगी पडू दे, म्हणाला. भाड्याचं नावही काढलं नाही. फक्त एवढंच म्हणाला, "मास्तर, काकांना ओट्यावरून उठवू नका." मी म्हटलं, "अहो, प्रश्नच नाही." हे वाक्य मी मनापासून बोललो होतो.

घराचं काम सुरू झालं तेव्हा काकांनी काय केलं ते सांगतो. भर दुपारी ते रिकाम्या दिवाणखान्यात जमिनीवर उताणे पडले. मला वाटलं, चक्कर आली. ते छताकडे बघत होते. कौलांतून जिथे जिथे उन्हाचा ठिपका दिसेल तिथे बोट करून मिस्त्रीला सांगत होते, "थय एक. थय एक. वाशाच्या बाजूला दोन." तीन दुपारी ते असे पडून राहिले. मिस्त्री आधी हसला, मग शिडी लावून मुकाट्याने कौलं बदलू लागला. त्या पावसाळ्यात आमच्या केंद्रात पाण्याचा थेंब आला नाही. समितीच्या अहवालात याचं श्रेय मिस्त्रीला आहे.

जागा मिळाल्याचं रीतसर पत्र आमच्या सेक्रेटरी बाईंनी केलं. बाई बँकेतून निवृत्त झालेल्या, त्यामुळे कागद चोख. मी ते काकांना वाचून दाखवलं. त्यात ओट्याबद्दल एक ओळ होती, ‘केंद्राच्या कार्यक्रमांच्या सोयीनुसार ओट्याचा वापर करता येईल.’ काकांनी पत्र माझ्या हातातून घेतलं आणि उजेडासमोर धरलं.

"भोक हाय, मास्तर."

मी पोट धरून हसलो. हा किस्सा मी पुढे समितीच्या तीन बैठकांत सांगितला आणि तिन्ही वेळा लोक हसले.

रंग लागला, दिवे आले, ओट्यावर कुंड्या आल्या. मग बाई एकदा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मास्तर, मला काकांबद्दल खूप रिस्पेक्ट आहे. पण त्या जाळ्याचा वास हो! कथकच्या मुली नाकाला रुमाल लावून आत येतात. काकांना मागच्या अंगणात बसवू या का?" मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "अंगनात सावली न्हाय, पन बसतो." मागे गेल्यावर होडीवाल्यांना ते दिसेनासे झाले आणि कामं कमी येऊ लागली. यावर उपाय म्हणून मी एक गोड कल्पना काढली. दर रविवारी चार ते सहा, ओट्यावर, काकांचं प्रात्यक्षिक! पाटी मी स्वतः रंगवली. बाईंनी त्यांना पांढरा शर्ट दिला आणि बजावलं, "फाटकं, वासाचं जाळं नको हं काका, नवीन तुकडा देते." त्या नव्या तुकड्याला अर्थातच भोक नव्हतं. काका दोन तास एक गाठ मारत, सोडत, परत मारत. पाहुणे अंगठ्याचे फोटो काढत. मी अभिमानाने शेजारी उभा असे. लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगतो, तेव्हा अजिबात वाटली नाही.

एकदा मी विचारलं, "काका, कंटाळा नाही ना येत?"

"येतो. पन ओटा तर दिसतो."

केंद्राच्या पहिल्या मोठ्या प्रदर्शनासाठी मुंबईहून एक तरुण कलाकार आला. मुलगा हुशार, कष्टाळू. विषय होता ‘रिकामा समुद्र’. त्याने गावातल्याच एका होडीवाल्याचं जुनं डोल जाळं विकत घेतलं, दिवाणखान्याच्या मधोमध वाशांना टांगलं आणि बरोबर मध्ये माणूस आरपार जाईल एवढं भोक पाडलं. मागून एक दिवा सोडला. मला ते आवडलं होतं, आजही नाकारणार नाही. समुद्रातली मासळी संपत चालल्याचं दुःख त्यात होतं. ज्यांची मासळी संपत चालली होती त्यांना मात्र आम्ही दोन दिवस आत येऊ दिलं नव्हतं, उद्घाटनाआधी कुणी बघू नये म्हणून.

उद्घाटनाच्या दिवशी दुपारी आम्ही सगळे जेवायला आणि उरलेल्या खरेदीला भाईंदरला गेलो. केंद्राची किल्ली काकांकडे होती. कुंड्यांना पाणी घालायचं काम आम्ही मोठ्या प्रेमाने त्यांच्यावर सोपवलं होतं. त्या दिवशी पाण्याची बादली भरायला ते आत गेले आणि त्यांना ते जाळं दिसलं.

आम्ही परतलो तेव्हा पाच वाजत आले होते. काका दारातच उभे, घामाने निथळत, सुई कानावर खोचलेली. "मास्तर, बगा आता! केवडा मोटा भोक व्हता. तुमी तसाच टांगला? लोक काय बोलले असते, चौकमंदी जालं सांदनारा न्हाय काय? मना हाक मारायची ना." मी आत पाहिलं. जाळं अखंड होतं. नवं कुठलं नि जुनं कुठलं ते कळू नये इतकं अखंड. मागे दिवा जळत होता आणि त्याला काहीच अर्थ उरला नव्हता.

"वा, काका," एवढंच मला सुचलं. ते खूश होऊन घरी गेले. पांढरा शर्ट घालून सुनेला घेऊन येतो, म्हणाले.

ते वळताच आत आकांत झाला. "सर, ते होल हेच तर वर्क आहे!" कलाकार डोकं धरून खाली बसला. बिचाऱ्याच्याने कात्री धरवेना. बाई म्हणाल्या, "पाहुणे तासाभरात येतील. मास्तर, तुमचा हात स्थिर आहे. तुम्हीच कापा." त्यांनी माझ्या हातात कात्री दिली. मी स्टुलावर चढलो आणि कापलं. चार तासांचं काम पाच मिनिटांत निघालं. कडेला मुद्दाम थोडे धागे लोंबते ठेवले, नैसर्गिक दिसावं म्हणून. तेवढी कला माझ्यात आहे.

सात वाजता काका सुनेला घेऊन आले. गर्दीतून तिला पुढे नेलं, बोट वर केलं आणि ते बोट तसंच राहिलं. मग मला शोधत आले.

"मास्तर, परत फाटलं?"

तेव्हा खरं सांगता आलं असतं. काका, ते भोक मुद्दाम केलं होतं, तुमची चूक नाही, मीच कापलं. दोन-तीन वाक्यांचं काम. पण शेजारी पाहुणे उभे होते, बाई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, "हो ना काका. वजन फार होतं त्याला."

"कुटची गाठ सुटली?"

"खालची असेल."

ते जवळ जाऊन बघायला निघाले. जाळ्याभोवती दोरी लावली होती. तिथल्या मुलीने अडवलं, "अंकल, प्लीज, टच नहीं करना." "टच न्हाय, बगतो खाली," ते म्हणाले, पण मग आपणच मागे फिरले. पांढऱ्या शर्टाला हात पुसत पायऱ्या उतरून गेले.

पुढच्या रविवारी पाटी होती, काका नव्हते. त्यानंतरही आले नाहीत. अंगणातली जाळी त्यांनी ज्याची त्याला परत केली. सून भेटली तेव्हा म्हणाली, "बाबा बोलतात, हात गेला माजा. गाठ धरत न्हाय." आणि मग, "त्ये जालं एक डाव दाखवा ना त्यांना. कुटची गाठ सुटली त्ये बगायचंय बोलतात." मी म्हणालो, प्रदर्शन संपू दे. प्रदर्शन संपल्यावर तिने पुन्हा विचारलं. मी म्हणालो, ते मुंबईला गेलं. कलाकाराने ते नेलंच नव्हतं, त्याला फोटो पुरेसे होते. जाळं भाईंदर पूर्वेला माझ्या फ्लॅटच्या माळ्यावर होतं. काकांच्या हातात ते गेलं असतं तर त्यांना एका क्षणात कळलं असतं.

एकदा सांगायचं असं ठरवून गेलो होतो. ते खुर्चीवर बसले होते. केंद्राची नवी कापडी पिशवी मी त्यांना भेट दिली. त्यांनी ती घेतली, घडी न उलगडता मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "बरी हाय." मी चहा प्यायलो आणि आलो.

पावसाळ्याआधी काका गेले. चर्चमागे त्यांना मूठमाती दिली तेव्हा समितीतर्फे मी एकटाच होतो. बाकीच्यांची त्या दिवशी कार्यशाळा होती. आता केंद्राच्या भिंतीवर त्यांचा मोठा फोटो लावला आहे, अंगठ्यात जाळं अडकवलेला. खाली लिहिलंय, ‘पारंपरिक मच्छीमार, चौक’. काकांनी जन्मात मासेमारी केली नाही. ते जाळी सांधत.

परवा माळा साफ करायला काढला आणि जाळं खाली आलं. बायको म्हणाली, टाकून द्या, वास येतोय. मी ते खिडकीत नेलं, दोन्ही हातांनी ताणून उजेडासमोर धरलं आणि एक डोळा बारीक केला. मधोमध कात्रीच्या सरळ कडा होत्या, माझ्या. त्यांच्याभोवती, कापताना सुटून राहिलेल्या पट्टीत, काकांनी त्या दुपारी मारलेल्या गाठी होत्या. मी एकेक गाठ नखाने ओढून पाहिली. एकही सुटली नाही.