चाचांचा ब्रेक

पडेगावहून कॉलेजला मी रोज चाचांच्या शेअर रिक्षानं जायचो. रिक्षा कितीही भरलेली असो, रस्त्यात कुणी हात केला की चाचा स्वतः सीटवरून अर्धे बाहेर सरकायचे आणि म्हणायचे, "आओ, जगा है ना!"

आमच्या कॉलेजच्या कॉमेडी फिल्मसाठी रिक्षा लागली तेव्हा मी त्यांनाच गळ घातली. सुरुवातीचा सीन सोपा होता. हिरो हात हलवत पळत येतो, रिक्षा निघून जाते आणि पहिल्याच दिवशी त्याला उशीर होतो. पुढची सगळी गंमत त्या उशिरावरच होती. पण पोरगं पळत आलं की चाचांचा ब्रेक लागायचाच.

"चाचा, थांबायचं नाय!"

"व्हय रे बाबा, मालूम है," म्हणायचे आणि पुन्हा थांबायचे.

शेवटी त्यांचा खाकी शर्ट चढवून मीच रिक्षा पळवली.

फिल्म दाखवली तेव्हा चाचा पुढच्याच रांगेत बसले होते. तो सीन आला आणि पोरं खदखदा हसली. चाचा मात्र मागं वळून माझ्याकडं बघत राहिले.

"बच्चा इत्ता दौड रहा था," ते हळूच म्हणाले, "और तू रुका नै?"